बटणवाल्याच्या माडीवरचा आवाज

चौकशीबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. नवरा 'अगं' म्हणतो, मुलगा दूरच्या शहरातून फोन करून 'बोल आई' म्हणतो, आणि बाकी जगाच्या लेखी त्या चौकशीबाईच. त्यांची अख्खी नोकरी बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत गेली. खिडकी म्हणजे एक जाड काच आणि काचेला खालच्या बाजूला बशीएवढं अर्धगोल भोक. लोक त्या भोकाशी वाकून, मान तिरपी करून विचारायचे आणि बाई आत ताठ बसून सांगायच्या.

सांगायच्या म्हणजे कशा, ते ऐका. माणूस काचेसमोर येऊन 'अहो बाई, ती...' एवढंच म्हणायचा. तेवढ्यात बाईंनी त्याची पिशवी, त्याचा घाम आणि त्याच्या कडेवरचं पोर बघून सगळं ताडलेलं असायचं. 'कोपऱ्यात लागलीय, पळा.' माणूस पळायचा. पुढचा यायचा, 'मला विचारायचं होतं की...' 'रद्द झाली. आता जेवणानंतरची.' रांग अशी सरकायची, जशी उतारावर बटाट्यांची गोणी सुटावी. इतक्या वर्षांत बाईंनी कुणाची गाडी चुकू दिली नाही आणि कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. दुसरी त्यांच्या कधी लक्षातच आली नाही.

निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणाला उभे राहिले. 'आज आपण सगळे इथं' म्हणून जरा दम घ्यायला थांबले, तर बाईंनी हाराखालूनच 'जमलो आहोत' म्हणून टाकलं. साहेबांनी भाषण निम्म्यावर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्यासाठीच, असं वाईट लोक म्हणतात.

खिडकी सुटली, पण सवय पर्समधून घरी आली. डॉक्टरनं 'तुम्हाला झोप...' म्हटलं की 'लागते, पण पहाटे मोडते.' भाजीवाल्यानं 'हे वांगं जरा...' म्हटलं की 'किडकं आहे ना, कळतं मला.' नवरा बिचारा लग्नाच्या वेळी चांगला बोलका होता म्हणतात. आता तो वाक्य सुरू करतो आणि पेपर उघडतो. पुढचं आपोआप होतं.

अशी ही बाई, जिच्याकडे अख्ख्या जिल्ह्याची उत्तरं होती, तिला स्वतःला एक प्रश्न पडलेला होता आणि त्याचं उत्तर काही सापडत नव्हतं. ताई का निघून गेली?

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकाच आईच्या पोटच्या, पण एकीच्या वाट्याचे शब्दही दुसरीनं खाल्लेले. धाकटीला लहानपणापासून घरात टकळी म्हणायचे, आणि ताईचं बोलणं म्हणजे खोल विहिरीतून बादली काढणं. दोर किती आहे ते बादली वर येईपर्यंत कळायचं नाही. ताईचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, घर खायला उठायला लागलं, तशी ती बॅग घेऊन धाकटीकडे आली. महिनाभर राहिली असेल. भांडण नाही, तंटा नाही. आणि एका सकाळी बॅग उचलून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जाते."

आता तुम्हीच सांगा, घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? मीटर बघायला आलेला परका माणूससुद्धा जाताना 'येतो' म्हणतो. चौकशीबाईंना ते तिथंच खटकलं. त्यानंतर ताई फिरकली नाही. फोन केला तर 'कामात आहे गं' एवढं बोलून ठेवून द्यायची. कसलं काम, हे बाईंना कळलं ते एका कंडक्टरकडून, कारण कंडक्टर हे त्यांचे सख्ख्यापेक्षा सख्खे. तासाभराच्या अंतरावरच्या गावात एक जुनं घर आहे, बटणवाल्याचं घर म्हणतात, तिथं संग्रहालय केलंय. तिथल्या माडीवर ताई खुर्ची टाकून बसते आणि कुणी वस्तूंना हात लावत नाही ना ते बघते. त्याच गावात खोली घेऊन राहते.

"आणि बरं का बाई, त्या घरात भूत..." कंडक्टर सांगत होता.

"नसतं काही," म्हणून बाईंनी ते तिथंच मिटवलं.

पण ताईचं मिटेना. टीव्ही मोठा लावत होतो म्हणून गेली का? तिचा टॉवेल चुकून ह्यांनी वापरला म्हणून? आमटीत तिखट? रोज एक नवं कारण निघायचं आणि संध्याकाळपर्यंत बाद व्हायचं. एकदा त्यांनी नवऱ्याला सरळ विचारलं, की मी काही बोलले का तिला?

"तू..." नवऱ्यानं सुरुवात केली.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "मी काहीच बोलले नाही."

नवऱ्यानं पेपर उघडला.

मग त्या कंडक्टरनंच एकदा त्या घराचं छापील पत्रक आणून दिलं. वर घराचं चित्र, खाली उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: दालनातील सेवक अभ्यागतांच्या वास्तुविषयक प्रश्नांची उत्तरे देतील. ती ओळ बाईंनी दोनदा वाचली. देतील. म्हणजे द्यावीच लागतील. नोकरी आहे. फोन आपटता येतो, पण तिकीट काढून समोर उभ्या राहिलेल्या माणसाला 'कामात आहे' म्हणता येत नाही, हे चौकशीच्या खिडकीत जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारची गाडी धरून त्या निघाल्या.

घर एका शांत गल्लीत होतं. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, आणि मध्ये हे हिरव्या खिडक्यांचं, तीन पायऱ्या चढून जायचं दुमजली घर. मालकाचा बटणांचा कारखाना होता. शिंपल्यांची बटणं, हाडाची बटणं, शिंगाची, लाकडाची. आतल्या सगळ्या भिंतींवर काचेच्या चपट्या पेट्यांत बटणं मांडलेली. एवढी बटणं बघून माणसाचा हात आपोआप आपल्या गळ्याशी जातो, लागलंय का नीट म्हणून.

घर दाखवायला एक उंच, वाळका गृहस्थ होता. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव घसेकाका ठेवलं, कारण भीतीची गोष्ट आली की तो आधी घसा खाकरायचा. बरोबर एक नुकतं लग्न झालेलं जोडपं होतं आणि एक शाळामास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांनी तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं, की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आपण वास्तुकला बघायला आलोय.

घसेकाका जिन्यापाशी थांबले. घसा खाकरला. "या जिन्यावर संध्याकाळी कुणी नसताना..."

"वाजतं," बाई म्हणाल्या. "लाकूड आहे. दिवसभर तापतं, संध्याकाळी आकसतं. आमच्या स्थानकाचं छप्परही वाजायचं."

नव्या नवरीचा नवऱ्याच्या दंडावर गेलेला हात खाली आला. नवरा हिरमुसला. जेवणाच्या खोलीत एक झुंबर होतं. घसेकाकांनी पुन्हा खाकरून, डोळे बारीक करून सांगायला घेतलं, की वारा नसताना हे झुंबर... "वर कुणी चाललं की हलणार," बाईंनी सांगून टाकलं. आरशाचं तेच झालं, बंद पडलेल्या बाजाच्या पेटीचं तेच झालं. बाईंनी असं एकेक भूत उभं राहायच्या आत बसवलं. घसेकाकांचा शेवटी घसा खाकरून खाकरून खरोखरच बसला. मास्तर तेवढे खूश होते, पण मनातून तेही जरा नाराजच. तिकिटाचे पैसे त्यांनीही भरले होते.

शेवटचा हुकमाचा पत्ता काकांनी जपून ठेवला होता. जिना चढता चढता त्यांनी भराभर बोलून घेतलं, मध्ये फटच ठेवली नाही. हल्ली काही दिवस माडीवरून बाईचा आवाज येतो. मालकिणीचा. घर बंद करायच्या वेळेला. मी नाही, शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी ऐकलाय. गेल्या आठवड्यात तर ती म्हणाली, माझी दाढ दुखते. आता बोला.

बाईंच्या कानावर हे पडलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. जिन्याच्या तोंडाशी, दोरी बांधलेल्या दाराशेजारी, खुर्चीवर ताई बसली होती.

निळा कोट, छातीवर पितळी बिल्ला, मांडीवर हात. केस आणखी पांढरे झालेले. धाकटीला बघून ती उठली, कारण पाहुणे आले की उठायचं असा नियम होता. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाली, "दोरीच्या अलीकडे उभ्या राहा. वस्तूंना हात लावू नका. काही विचारायचं असेल तर विचारा."

उभ्या राहा. सख्ख्या बहिणीला अहोजाहो. बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि दोरीपलीकडच्या पलंगाकडे बोट केलं.

"हा पलंग कुणाचा?"

"मालकिणीचा."

"एकटीच झोपायची?"

"नवरा गेल्यावर एकटीच."

"तिला बहीण होती का?"

ताईनं जरा विचार केला. घसेकाका मान वर करून बघायला लागले, कारण मालकिणीच्या बहिणीचा उल्लेख त्यांच्या माहितीत कुठं नव्हता. "होती," ताई म्हणाली. "धाकटी."

"कशी होती?"

"हुशार. घाईची."

"थोरलीवर माया होती का तिची?"

"असावी," ताई म्हणाली. "घाईत दिसत नसेल."

मास्तरांच्या बायकोनं 'बाई गं' केलं. तिला ही मालकीण एकदम ओळखीची वाटायला लागली होती. घसेकाकांचे ओठ हलत होते. ते पाठ करत होते, दुसरं काय. चौकशीबाई दोरीच्या अगदी जवळ सरकल्या आणि इतका वेळ आवरून धरलेला प्रश्न त्यांनी विचारला, की मालकीण बहिणीच्या घरी राहायला गेली होती, ती तिथून निघून का आली?

ताईनं दोरीवर हात ठेवला. खिडकीकडे बघितलं. बादली खाली गेली आणि दोर सुटत राहिला.

"त्याचं असं झालं," ती म्हणाली, "की एकदा संध्याकाळी तिनं बहिणीला..."

"टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून सांगितलं असेल," चौकशीबाई म्हणाल्या. "मग सांगायचं ना स्पष्ट. केला असता कमी."

नवा नवरा बटणांच्या पेटीकडे बघत म्हणाला, की त्या काळात टीव्ही होता का? ताईचा चेहरा, जो जरासा उघडत चालला होता, तो पुन्हा पेटीच्या झाकणासारखा बंद झाला.

"नव्हता," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

पण पुढचा प्रश्न विचारायच्या आत खाली घंटा वाजली. घर बंद व्हायची वेळ झाली होती. बाईंनी थोडं रेंगाळून बघितलं, पण ताई त्यांच्याकडे न बघता जिन्याकडे हात करून उभी राहिली, जशी इतर सगळ्यांसाठी उभी राहिली होती तशीच. एवढं भाडं भरून, तिकीट काढून, दोरीपर्यंत पोचून हात हलवत परत. चौकशीबाई एकेक पायरी जड पावलांनी उतरल्या. जिना वाजला. लाकूड आकसल्यामुळे वाजतो हे सांगायलाही त्यांना सुचलं नाही.

बाहेर आल्यावर घसेकाकांनी कुणालाच फाटकाकडे जाऊ दिलं नाही. बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना घराच्या बाजूनं मागच्या बागेत नेलं आणि माडीच्या खिडक्यांखाली ओळीनं उभं केलं. ऊन उतरलं होतं. हिरव्या खिडक्या अर्ध्या उघड्या होत्या. काका हलक्या आवाजात सांगायला लागले, की मालकीण नवऱ्याच्या कोटाला शेवटचं बटण लावत वर बसली होती, खाली दार वाजलं, तिनं वरून 'येते हं' म्हणून सांगितलं, आणि ती कधी खाली आलीच नाही. दार उघडून वर जाऊन बघतात तो कोट तसाच, सुई तशीच, आणि ती गेलेली. तेव्हापासून ती म्हणतेच आहे, हल्ली तर ते ऐकूही यायला लागलंय. ऐकू आलं तर तुमचं नशीब.

चौकशीबाईंनी हे सगळं मधे न बोलता ऐकलं. बोलायची इच्छाच गेली होती.

वर एक खिडकी करकरली आणि बंद झाली. आणि मग आवाज आला. बाईचा, सावकाश, कुणाशी तरी समोरासमोर बोलावं तसा. नव्या नवरीनं नवऱ्याच्या दंडात नखं रुतवली. मास्तरांनी वास्तुकला सोडून दिली.

चौकशीबाईंना पहिल्या श्वासालाच ओळख पटली. आईच्या घरात एका पांघरुणाखाली ऐकलेला आवाज, तो ओळखायला काय वेळ लागतो? त्या 'अहो, ही तर आमची...' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात वरून शब्द आले.

"धाकटी आली होती आज."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. घसेकाकांनी विजयानं सगळ्यांकडे बघितलं. धाकटी म्हणजे मालकिणीची बहीण, आजच कळलं, असं ते पुटपुटले.

"तिकीट काढून आली, बाई," आवाज म्हणाला. आता तो शेजारच्या खिडकीत आला होता. त्या खोलीत मालकिणीची मोठी तसबीर होती, हे चौकशीबाईंना आठवलं. ताई तसबिरीशी बोलत होती. "थोडी सुटलीय. केस रंगवायचे सोडले वाटतं. बरं केलं. विचारत होती, का गेलीस म्हणून. सांगतच होते मी, तर तिनं मधे टीव्ही आणला."

खिडकी बंद झाली. मास्तर हळूच म्हणाले, पुन्हा टीव्ही कसा आला? आवाज पुढच्या खिडकीशी येईपर्यंत वेळ लागला. ताईला घाई कधीच नव्हती. चौकशीबाईंच्या मनात त्या तेवढ्या वेळात दहा उत्तरं उठली: टॉवेल, तिखट, पंखा, ह्यांचं घोरणं. पण खिडकीखालून वरच्या माणसाला मधे तोडता येत नाही. काच असती तर भोकही असतं. इथं नुसतं ऐकायचंच होतं.

"त्या संध्याकाळी पण तसंच झालं बघ," आवाज आला. "दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. किती दिवस मनात जुळवत होते. घर खायला उठतं, एकटीला आता जमत नाही, हे सगळं जुळवलं आणि म्हटलं, मला वाटतं, मी आता इथंच... एवढंच म्हणाले. तर उशीची खोळ झटकत ती म्हणाली, कंटाळलीस ना, सकाळची पहिली गाडी आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे, खिडकीची जागा मिळवून देते." जरा थांबून ती म्हणाली, "इथंच राहू का, असं विचारायचं होतं मला, बाई. तिनं गाडीची वेळ सांगितली."

शेवटची खिडकी बंद होता होता आणखी दोन शब्द आले, रोज येत असतील तसे, घरातल्या माणसाला निघताना म्हणावं तसे.

"येते हं."

झालं. नव्या नवरीनं 'येते म्हणाली' असं कुजबुजून जी धूम ठोकली ती फाटकाशीच थांबली. फाटक एका वेळी एकाच माणसाला सोडणारं होतं आणि तिथं मास्तर आधीच पोचले होते. त्यांची बायको मागून 'अहो, मला तरी घ्या' म्हणत होती. घसेकाका सगळ्यांच्या मागून, मोहीम फत्ते करून निघालेल्या सरदारासारखे सावकाश चालत गेले.

चौकशीबाई बागेतच उभ्या राहिल्या. उत्तर मिळालं होतं. त्यात टीव्ही नव्हता, टॉवेल नव्हता, तिखटही नव्हतं. आणि त्यांना ती संध्याकाळ लख्ख आठवत होती, खोळ झटकलेली आठवत होती. आपण किती पटकन ताईच्या मनातलं ओळखलं, असं वाटून तेव्हा त्या मनातल्या मनात खूशही झाल्या होत्या. गाडीची वेळ तर अगदी बरोबर सांगितली होती. ताईला खिडकीची जागाही मिळाली होती. ड्रायव्हरला त्यांनी फोन केला होता.

मागच्या दारानं ताई बाहेर आली. कोट काढून हातावर टाकलेला, दुसऱ्या हातात किल्ल्या. धाकटीला बघून थबकली.

"अजून इथंच? गाडी चुकेल तुझी."

चौकशीबाईंची नजर वरच्या खिडकीवर होती. ताईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा वर खिडकीकडे, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"इथं उभी होतीस?"

बाईंनी मान हलवली.

"सगळं ऐकलंस?"

पुन्हा मान.

"एकटीच होतीस ना?"

आता मात्र चौकशीबाईंना मान आडवी हलवावी लागली. जोडपं, मास्तर, मास्तरांची बायको, आणि रोजचे लोक, असं त्यांनी फाटकाकडे हात करून कसंबसं समजावलं. ताईचा रंग आधी उडाला, मग चढला. म्हणजे ते दाढेचंही, ताईनं विचारलं. हो, बाई म्हणाल्या, दाढेचंसुद्धा. शेजारच्या डॉक्टरांनी स्वतः ऐकलंय. तेव्हाच म्हटलं, ताई म्हणाली, ते डॉक्टर रोज मला रस्त्यात अडवून तोंड उघडा कसं काय म्हणतात... आणि ती हसायला लागली. तिचं हसणंही तिच्या बोलण्यासारखंच. आधी खांदे हलले, मग बऱ्याच वेळानं आवाज आला. चौकशीबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, तो काही हसण्यामुळे नव्हे.

"चल घरी," त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. कायमची चल. खोली रिकामी आहे, ह्यांना मी सांगते, टीव्ही विकून टाकते. सगळं तयार होतं, घडी घालून. पण ताईनं मोठा श्वास घेतला होता. बादली विहिरीत गेली होती. चौकशीबाईंनी दोन्ही हातांनी पर्सचा पट्टा धरला आणि ओठ मिटले.

"तेव्हा मला तुझ्याकडे यायचंच होतं," ताई म्हणाली. थांबली. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. "आता नाही. आता इथं बरं वाटतं मला. लोक विचारतात. मी सांगते. सांगून होईपर्यंत उभे राहतात, बांधलेले असतात ना दोरीनं." पुन्हा थांबली. "राग होता तुझा. नव्हता असं नाही. पण तू आज दोरीशी उभी राहून त्या पलंगाबद्दल विचारायला लागलीस, तेव्हा मला इतकं हसू येत होतं की..."

की काय, हे चौकशीबाईंना ठाऊक होतं. निदान तीन शक्यता त्यांना दिसत होत्या. एकही त्यांनी सांगितली नाही. पट्टा तेवढा पिळला.

"...की बिल्ला टोचेपर्यंत छाती दाबून धरली मी," ताई म्हणाली, आणि मग निरखून बघायला लागली. "टकळे, तुला बरं नाही का?"

"ऐकतेय," चौकशीबाई म्हणाल्या. एवढा छोटा शब्द काढायला त्यांना घाम फुटला.

ताई बघतच राहिली. मग तिनं वळून दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ल्या कोटाच्या खिशात टाकल्या. कोट या हातावरून त्या हातावर घेतला. काही तरी जुळवत होती. दोघी गल्लीत आल्या. दातांच्या दवाखान्याचा दिवा लागला होता. दूर कोपऱ्यावर थांब्याशी शेवटची गाडी येऊन उभी राहिली. ती शेवटची आहे, पुढं सकाळपर्यंत काही नाही, हे चौकशीबाईंना पाट्यासुद्धा न वाचता कळलं. त्यांनी तिकडे पाठ केली.

"माझी खोली मागच्याच गल्लीत आहे," ताई म्हणाली. "लहान आहे. पलंग एकच आहे, पण खाली गादी घालता येते. तुला कंबरेचा त्रास, म्हणजे पलंगावर तू झोप. आणि मी म्हणत होते..."

गाडीनं हॉर्न दिला. दार आपटलं. चौकशीबाईंच्या दोन्ही कानशिलांवर शिरा उठल्या.

"...की आज राहतेस का माझ्याकडे?"

चौकशीबाई तरीही गप्प. गाडी निघून गेली. ताईच्याच भुवया शेवटी वर गेल्या.

"अगं, बोल की."

"झालं तुझं विचारून?"

"झालं."

"मग राहते," चौकशीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताईच्या हातातला कोट आपल्या हातावर घेतला.

खोलीचा जिना अरुंद आहे, वळणावर दिवा नाही, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं पण चावत नाही, असं ताई चालता चालता सांगायला लागली. ते वाक्य मागच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पुरलं.